शेडमधली टकटक

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आमच्या शेजारी राहणारे आजोबा मला ‘ब्यूरव्राउ’ म्हणतात, म्हणजे शेजारीणबाई. अधूनमधून ते रायफल घेऊन जर्मनीला नेमबाजीच्या स्पर्धेला जातात आणि खूप लांबवरच्या कागदावर नेम धरतात. त्यासाठी लागणारी काडतुसं मात्र स्वतःच, मागच्या शेडमध्ये बसून भरतात. त्यातली बंदुकीची पावडर अशी कणाकणाने तोलतात की मी केशरही इतकं जपून वापरत नाही. बोलणंही तसंच. ‘हवा कशी आहे?’ विचारलं तर आधी आभाळाकडे बघणार आणि मगच ‘दमट’ म्हणणार.

दिवाळीत मी चकल्यांचा डबा घेऊन थेट शेडमध्ये शिरले. ते उठले, हात पुसून त्यांनी एक चकली खाल्ली, तिखट आहे म्हणाले, हसले. मी घरी आले, आणि मग दुपारभर शेडमधून टकटक ऐकू येत राहिली.

शनिवारी बघते तर त्यांची गाडी दारातच.

‘‘आज स्पर्धा होती ना?’’ मी कुंपणावरून विचारलं.

‘‘होती. पण काडतुसं नाहीत. सगळी ठोकून उघडली.’’

‘‘का? बिघडली होती?’’

‘‘कदाचित एकही नाही. पण तुम्ही आलात तेव्हा हातातल्या काडतुसात पावडर घातली होती की नव्हती, ते आठवेना. दोनदा पडली असेल तर रायफलच फुटायची. नंतर ते काडतूस कुठलं, तेही कळेना.’’

मला इतकं ओशाळायला झालं! ‘‘सॉरी, माझ्यामुळे...’’

‘‘छे, लक्ष माझं गेलं.’’ मग सवयीप्रमाणे थांबून, नीट विचार करून म्हणाले, ‘‘चकली मात्र शेवटच्या तुकड्यापर्यंत आठवते.’’