रुमालाखालचा बैल

"आधी मळवा, मग पुसा." श्रीरामपूरच्या बाई हे दिवसातून कितीदा म्हणत कोण जाणे. म्हणताना उजव्या हाताचा अंगठा पदराला पुसत. त्यांच्या सगळ्या पातळांच्या पदरांना एकाच जागी तपकिरी डाग होता, आणि त्याची त्यांना जरासुद्धा लाज नव्हती.

नगरच्या मुलींच्या शाळेत तोवर मी एकटीच चित्रकला शिकवत होते. शाडूची वीतभर माणसं घडवून रंगवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं सगळे म्हणत. मलाही ते पटलेलं होतं. मग या बाई आल्या. उंच, मोठ्यानं हसणाऱ्या. पहिल्याच दिवशी माझ्या कपाटाचा खालचा कप्पा त्यांनी मागून घेतला आणि त्यात एक बोटभर वहाण ठेवली.

मातीची वहाण. पण टाचेशी झिजलेली, अंगठ्याखाली काळपट खड्डा पडलेली, वादीला भेग गेलेली. शिपाईमामा ती हातात घेऊन म्हणाले, "सांदायला टाकली पायजे." बाई खो खो हसल्या. मी हजेरीपट घेऊन वर्गावर निघून गेले.

तुमच्याही शेजारी असं कोणी कधी येऊन बसलं असेल, तर मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल. राग धरावा असं ते माणूस काही करत नाही, आणि तीच मोठी अडचण असते.

माझे यजमान बँकेत होते. घरात मी काय रंगवते इकडे त्यांनी कधी मान वळवली नाही. एकदा छत्री द्यायला म्हणून शाळेत आले आणि बाईंच्या टेबलापाशी उकिडवे बसले. टेबलावर विहिरीचं पाणी ओढायची चामड्याची मोट होती, मातीचीच केलेली, लिंबाएवढी. "हिला तेलाचा वास येईल असं वाटतं," ते म्हणाले. लग्नानंतर इतकं रसिक वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. छत्री तिथंच विसरून ते परत गेले.

शेवटी मीच बाईंना विचारलं, "हे चामडं कसं करता हो?"

त्यांनी काहीही हातचं राखलं नाही. गेरू, काजळी, थोडी पिवळी माती. गडद रंग आधी, मग माणसाचा हात जिथं घासतो तिथं फिका. मी न विचारताच हाड कसं रंगवायचं तेही दाखवलं. "हाड पांढरं नसतं, बाई. चहाच्या पाण्यासारखा रंग भेगांत सोडायचा, वरचा पुसून घ्यायचा. आधी मळवा, मग पुसा." त्यांच्याच कुंचल्यानं, त्यांच्याच रंगानं मी ते केलं. माझं हाड खडूसारखं दिसलं.

"येईल हो, घाई नको," त्या म्हणाल्या. त्यांनी चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

दुष्काळाच्या त्या वर्षी जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांचं प्रदर्शन भरलं. मी भुईकोट किल्ल्यातला दरबार केला होता. जरीचे अंगरखे, गालिचे, सगळं. बाईंनी एक कोरडी विहीर, तिच्या काठाशी पडलेली मोट आणि पलीकडे बैलाचा सापळा केला होता. बरगड्यांवर ऊन पडल्यासारखं वाटत होतं. खुराजवळ सुकलेल्या कातड्याचा एक तुकडा अजून चिकटलेला होता.

पाथर्डीकडचे एक म्हातारे गृहस्थ दरबारापुढून सरळ चालत गेले. सापळ्यापुढे थांबले. बऱ्याच वेळानं बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, ह्ये झाका. न्हाई बगवत. आमच्या दारात असाच पडला हुता."

बाईंनी कमरेचा रुमाल काढला, झटकला आणि बैलावर पांघरला. म्हाताऱ्यानं हात जोडले आणि ते निघून गेले.

त्या क्षणाइतकी मी कोणावर कधी जळले नाही. माझ्या कामाला लोक छान म्हणत, सुरेख म्हणत. झाका म्हणून कोणी कधी विनवलं नव्हतं.

दुपारी परीक्षक आले. "रुमाल काढा, पाहू दे."

"नाही काढता येणार," बाई म्हणाल्या. "झाकायला सांगून गेलेत."

"कोण?"

"ज्यांचा बैल ते."

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते पुढे सरकले. पहिलं बक्षीस दरबाराला मिळालं. सगळ्यांत आधी टाळ्या बाईंनी वाजवल्या. घरी यजमानांनी पेढे आणले. मला एकही गोड लागला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंनी नोकरी सोडली. श्रीरामपूरला त्यांच्या आईचं करायला कोणी उरलं नव्हतं. आम्ही दोघं त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो. यजमानांनी ट्रंक टपावर चढवून दिली. बाई खिडकीतून म्हणाल्या, "बाई, तेवढं हाड सोडू नका. जमत आलंय तुमचं." आणि गाडी हलली.

परतताना यजमान मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "चला, आता शाळेत पुन्हा तू एकटी."

मी "हो" म्हणाले. पण यापुढे काही रंगवलं, तर ते न्यायचं कोणासमोर, हेच मला सुचत नव्हतं.