पाच सडांची म्हैस

प्लॅस्टिक कुजत नाही, हे आमच्या पाटील सरांनी पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. किस्सेही कुजत नाहीत, हे मात्र सांगितलं नव्हतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बापूंचं पत्र्याचं शेड आहे. तिथे गेली दोन वर्षं दर रविवारी आम्ही चौघं जमतो आणि लोकांनी टाकून दिलेल्या प्लॅस्टिकची शिल्पं करतो. प्लॅस्टिक निदान वापरून संपतं. किस्से साठतच चाललेत. थोडे कमी व्हावेत म्हणून लिहायला बसले आहे.

पाटील सर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, सगळ्या उद्योगाचं मूळ. बापू वेल्डर, शेड त्यांचं, हत्यारं त्यांची आणि सगळ्यात मोठा आवाजही त्यांचाच. पद्माक्का कुरुंदवाडच्या माहेरवाशीण, व्यापारी घरातल्या. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघणार. चौथी मी, कॉलेजात ग्रंथपाल.

*

मी इथे आले ती कलेसाठी नव्हे, माळा रिकामा करायला.

माझ्या यजमानांना काही टाकवत नसे. फुटकी बादली, कान तुटलेला मग, पंख्याचं पातं, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, सगळं माळ्यावर. मी काही म्हटलं की एकच उत्तर, "राहू दे, लागंल कधीतरी." ते गेल्यावर वर्षभर मी माळ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मग कुणीतरी या शेडबद्दल सांगितलं आणि बापू टेम्पो घेऊन घरी आले.

ते शिडीवर चढले, टॉर्च या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोनदा फिरवला. मग वरूनच म्हणाले, "मॅडम, साहेबांनी दुकान टाकायचं ठरीवलं हुतं काय?"

वर्षभरात मी मोठ्यानं हसले ती तेव्हा पहिल्यांदा.

निघताना बापूंचा हात दारामागच्या खिळ्याकडे गेला. तिथे एक काळं हेल्मेट टांगलेलं होतं. "ह्ये बी?"

"ते नको," मी म्हटलं. बापूंनी हात मागे घेतला.

हेल्मेट मीच आणलं होतं. रोज सकाळी दारात माझं वाक्य ठरलेलं, "हेल्मेट घ्या." यांचंही ठरलेलं, किक मारता मारता, "हितं कोपऱ्यावर तर जायचंय." फारच आग्रह केला तर घ्यायचे, पण हँडलला अडकवून, परत येताना त्यात टोमॅटो असायचे. गेले ते घरातच, खुर्चीत बसल्या बसल्या, हृदयाच्या झटक्यानं. हेल्मेटचा त्यात काहीच संबंध नव्हता. तरी माळा रिकामा झाला आणि खिळा तसाच राहिला.

*

बाटल्यांची झाकणं हवी होती म्हणून पाटील सर एका लग्नाला गेले. आमंत्रण रीतसर होतं. पण जेवणं चालू असताना सर पिशवी घेऊन टेबलाखालच्या रिकाम्या बाटल्या गोळा करत फिरू लागले. नवरदेवाचा बाप सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं लांबून पाहिलं, बायकोच्या कानाला लागला, दोघांचे चेहरे उतरले. मग तो सरांजवळ आला, त्यांचा हात धरून बाजूला घेऊन गेला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, घरात सगळं ठीक हाय न्हवं?"

सर कामात होते. म्हणाले, "ठीक आहे रे, फक्त निळी कमी पडतायत."

त्या रविवारी सर शेडमध्ये आले ते बाटल्यांची दोन पोती आणि चार माणसांचं बांधून दिलेलं जेवण घेऊन. आम्ही सगळ्यांनी पोटभर खाल्लं. त्याचा गैरसमज दूर केला का, असं पद्माक्कांनी विचारलं. सर म्हणाले, "मठ्ठा संपल्यावर करू."

*

दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, एकावर एक ठेवायच्या, वर वर्तमानपत्र घालून इस्त्री फिरवायची, की त्या चिकटून कातड्यासारखा जाड तुकडा होतो. हे काम पद्माक्कांचं. एकदा त्या वर्तमानपत्र घालायला विसरल्या. पिशव्या चांगल्या चिकटल्या, म्हणून इस्त्रीच्या बुडाकडे कुणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच इस्त्रीनं मुलाचा पांढरा शर्ट केला.

मुलगा वकील आहे. दुपारपर्यंत काळ्या कोटानं अब्रू राखली. जेवायच्या सुट्टीत त्यानं कोट काढला तेव्हा मागच्या टेबलावरच्या ज्येष्ठ वकिलांनी त्याच्या पाठीवर, निळ्या अक्षरात आणि अगदी सुलट, वाचलं: "थंड जागी ठेवावे".

त्यांनी त्याला उठवून पंख्याखालच्या खुर्चीवर बसवलं!

*

आमचं पहिलं पूर्ण झालेलं शिल्प म्हणजे एक मासा. खवले चमच्यांचे, पोट तेलाच्या कॅनचं. रंग वाळावा म्हणून शनिवारी शेडबाहेर ठेवला आणि रविवारी बघतो तर जागा रिकामी. सकाळची घंटागाडी येऊन गेली होती. बापूंनी गाडीला किक मारली, सर मागे बसले, आणि दोघं घंटागाडीमागे सुसाट.

तीन गल्ल्या पलीकडे ती सापडली. मासा कचऱ्यात नव्हता. गाडीच्या पुढच्या काचेवर, मधोमध, सुतळीनं आवळून बांधलेला होता. गाडीवरच्या ताई म्हणाल्या, "उचलताना कचरा वाटला. हातात घेतल्यावर टाकवंना." परत हवा असेल तर न्या, असंही म्हणाल्या, पण सुतळीच्या गाठीला हात लावला नाही.

सर आणि बापू रिकाम्या हातानं परतले. मासा अजून तिथेच आहे आणि रोज सकाळी आमचं प्रदर्शन निम्म्या शहरातून फिरतं.

*

आता म्हैस.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरू, कपाळावर मोरपीस, आणि मालक मोटारसायकलवरून पुढे निघाला की म्हशी त्याच्यामागे पळतात. आमच्या शेडशेजारी शामराव गवळ्यांचा गोठा आहे. यंदा त्यांनीच सरांना म्हटलं, "तुमची बी एक असू द्या की आमच्यात."

सर हरखून गेले. तीन महिने काम चाललं. फुटलेल्या काळ्या पाण्याच्या टाकीचं अंग, ठिबक सिंचनाच्या नळ्यांच्या बरगड्या, झाडूची शेपटी. कासेसाठी सरांनी भांडी घासायचा गुलाबी हातमोजा फुगवून, बोटं खाली करून बसवला. आम्हा सगळ्यांना तो फार आवडला.

शामराव बघायला आले. बाजारात जनावर बघतात तसे तिच्याभोवती फिरले, पाठीवर थाप मारली, खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"सर, ही कुठली जात म्हणायची?"

"का?"

"पाच सड हायत."

तीन महिने आम्ही चार शिकली-सवरलेली माणसं त्या कासेकडे कौतुकानं बघत होतो. पद्माक्कांनी सुई आणली, अंगठा आत ढकलून शिवून टाकला आणि सड म्हशीला असतात तसे चारावर आणले.

*

राहिलं डोकं. बादली लावली, शामराव म्हणाले गाढव. कॅन लावला, म्हणाले उंट. दोन्ही जोडून बघितलं, तेव्हा त्यांनी नुसतीच मान हलवली. पाडवा आठ दिवसांवर आला, आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ जमू लागलो, तरी म्हैस मानेपर्यंतच उभी.

"कपाळ गोल पायजे," बापू म्हणाले, "हेल्मेटागत." म्हणाले आणि जीभ चावली. सर शेपटी नीट करू लागले. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बापू सगळी भंगारची दुकानं पालथी घालून आले. जुनं हेल्मेट एकही नाही. एका भंगारवाल्यानं त्यांना सरळ सांगितलं, "कोल्हापुरात जुनं हेल्मेट कुठनं मिळंल? वापरल्याबिगर जुनं हुतंय व्हय?"

बापू हे सांगून हसले. सगळेच हसले, मीही. घरी आले आणि दाराच्या मागे बघत उभी राहिले. खिळ्यावरून काढलं तेव्हा आत कोथिंबिरीची एक वाळलेली काडी होती. बाकी आतून कोरं. अस्तरावरचा दुकानातला कागदसुद्धा निघालेला नव्हता.

राहू दे, लागेल कधीतरी, असं मलाही म्हणता आलं असतं. दोन वर्षं मी तेच तर म्हणत होते.

सकाळी कॉलेजला जायच्या आधी शेडवर गेले आणि हेल्मेट टेबलावर ठेवलं. "बघा बसतंय का."

बापूंनी नक्की का, असं विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. पद्माक्कांनी हेल्मेट उचललं, सवयीनं उलटं करून आत बघितलं, आणि कागद न काढता परत ठेवलं. शिंगांसाठी भोकं पाडायची होती. बापू म्हणाले, "कुणीतरी धरा." मी धरलं. दोन्ही भोकं पडेपर्यंत सोडलं नाही. काचेच्या जागी कॅनचं तोंड बसलं, वर काळ्या पाइपची शिंगं, आणि शामराव दारातूनच म्हणाले, "ही म्हस."

त्या दिवशी कॉलेजात मला उशीर झाला. फार दिवसांनी भूक लागली होती, म्हणून वाटेत मिसळ खाल्ली.

*

पाडव्याला निघालो. शामरावांनी मान म्हणून बापूंना पुढे घातलं. बापू मोटारसायकलवर, डोक्याला फेटा, मागे घुंगरू वाजवत शामरावांच्या सहा म्हशी, आणि त्यांच्यामागे हातगाडीवर आमची सातवी. एका बाजूनं सर, एका बाजूनं पद्माक्का, मागून ढकलायला मी.

चौकात एक तरुण ट्रॅफिक हवालदार उभा होता. त्यानं सगळा ताफा थांबवला. खऱ्या म्हशींकडे बघितलं नाही. आमच्या म्हशीपाशी आला, तिच्या कपाळावर बोटांनी टकटक केलं, आवाज ऐकला आणि शांतपणे बापूंकडे गेला.

"पावणं, म्हशीनं घातलंय. तुमचं कुठं हाय?"

बापूंनी फेटा सावरला. "साहेब, हितं कोपऱ्यावर तर जायचंय."

मी हातगाडी सोडली आणि म्हशींमधून वाट काढत पुढे गेले. सर हाक मारत होते.

"साहेब," मी हवालदाराला म्हटलं, "ह्यांची पावती फाडाच."