दप्तरखान्याचा दरवाजा

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती शेवटची आजारी होती तेव्हा एकदा अगदी ओठांवर आलं होतं — आणि मी तिच्याकडं पाणी हवंय का विचारून विषय बदलला. आज तुम्हाला सांगतोय. आजच का, ते मलाही नीट कळत नाही.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी शेवगावला एका कचेरीत कारकून होतो. नाना आमचे हेडक्लार्क. माणूस वाईट नव्हता — हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं त्यांच्यावर काही ढकलायची सोय मला उरणार नाही. पण टाचणी चुकीच्या कोपऱ्यात लावली म्हणून ते अख्खा मसुदा परत करायचे. लाल शाईची एक काट, कागद टेबलावरून सरकवायचा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, "परत लिहा." मी मान खाली घालून लिहायचो. आणि मनात त्यांचं डोकं टेबलावर आपटायचो. रोज. कधी कधी असं, की खरोखर दात दुखायला लागायचे.

त्यात खडीच्या कामावरच्या लोकांना पाणी द्यायचं म्हणून आम्ही कचेरीतल्यांनीच एक स्वयंसेवक समिती काढली. सेक्रेटरी कोण? नानाच. म्हणजे आता रविवारसुद्धा त्यांच्याच पुढ्यात. पिंपांना झाकण असावं का, झाकणाला कुलूप असावं का, किल्ली कुणाकडं असावी — सभेमागून सभा. कोरम भरला नाही की सभा तहकूब. ठरावात एक काना राहिला की ठराव परत. तिकडं बायका उन्हात खडी फोडत होत्या, आणि इकडं रिकामी पिंपं आमच्या व्हरांड्यात तापत पडली होती.

त्या बायकांच्या तहानेनं माझं डोकं फिरलं, असं म्हणता येईल. कितीतरी वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आलो. खोटं आहे ते. मला त्यांची तहान आठवलीसुद्धा नव्हती.

त्या दुपारी नानांनी माझा ठराव पुन्हा भिरकावला. अर्ज घेऊन आलेली माणसं दारात उभी होती. त्यांच्यासमोर म्हणाले, "तुम्हाला शाळेत पास कुणी केलं हो?" माणसं हसली. मग ते जुन्या ठरावाचा नमुना काढायला दप्तरखान्याकडं निघाले, आणि मला मागून यायला सांगितलं.

दप्तरखान्याचा दरवाजा जाड सागवानी, लोखंडी पट्ट्या मारलेला, व्हरांड्याच्या बाजूला उघडणारा. आत एक खोल पायरी. नानांचे गुडघे धरलेले, म्हणून उतरताना ते चौकट धरायचे. तशी धरली. पाठ माझ्याकडं, तोंड चालूच. व्हरांड्याच्या त्या टोकाला दुसरं कुणी नव्हतं.

मी त्यांची बोटं पाहिली. पाहिली नाहीत असं नाही — नीट पाहिली. आणि खांदा लावून, अंगातलं सगळं बळ एकवटून दरवाजा लोटला.

हाडं मोडल्याचं ऐकू आलं. नाना ओरडले — तसं ओरडणं मी जनावराचंही ऐकलेलं नाही. दरवाजा पुन्हा ओढेपर्यंत एक क्षण गेला. त्या क्षणात मला काय वाटलं? बरं वाटलं. ताप उतरल्यासारखं बरं.

मग रक्त दिसलं. माणसं धावत आली. कोंडिबा शिपाई पाण्याची घागर घेऊन कोपऱ्यावरून वळत होता. दारं लावणं-उघडणं त्याचं काम. मी ओरडलो, "कोंडिबा, दार लोटताना बघता येत नाही का रे?"

ठरवून बोललो का? नाही. पण जीभ कुणाची होती?

नानांचा पुतण्या आमच्याच कचेरीत होता. त्यानं टेबलावरचा लाकडी रूळ उचलला आणि कोंडिबाच्या तोंडावर घातला. घागर फुटली. तो चिखलात पडला, तशा लाथा सुरू झाल्या. अर्ज घेऊन आलेली माणसंही मारायला लागली — कोंडिबा त्यांचं काय लागत होता? दिवसेंदिवस दारात ताटकळलेली माणसं. त्यांनाही कुणीतरी हवंच होतं.

"म्या न्हाई सायेब, म्या पानी आनत हुतो —" तो ओरडत होता. तोंडातून रक्त येत होतं. मग त्याला मी दिसलो. सरपटत माझ्यापर्यंत आला, माझं धोतर धरलं. "भाऊसाहेब, तुमी हितंच हुता की! सांगा की यास्नी!"

त्यानं मला पाहिलेलं नव्हतं, कळतंय ना? तो मला साक्षीदार समजत होता. त्या गर्दीत त्याला माझाच आधार वाटला.

मी त्याच्या कानाखाली मारली. त्यानं पुन्हा तोंड उघडलं — पुन्हा मारली. हात उलटा करून, त्याच कानावर, तो बोलायचा थांबेपर्यंत. आणि मघाशी दरवाजा लोटताना जसं वाटलं होतं ना, तसंच वाटलं.

नानांची दोन बोटं काढावी लागली. नगरला दवाखान्यात नेताना जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून निभावलं." पुढं मरेपर्यंत दर दिवाळीला त्यांच्या घरून फराळाचा डबा येत राहिला. मी तो खाल्ला.

कोंडिबाला कामावरून काढलं. नानांची खुर्ची माझ्याकडं आली, समितीही. पहिल्याच दिवशी मी पिंपं भरून कामावर पाठवली. ठराव नाही, सभा नाही. कुणी काही विचारलंसुद्धा नाही.

एकदा मी स्वतः पाणी वाटायला गेलो. रांगेत कोंडिबा होता. हातात घमेलं, अंगभर खडीची धूळ. मी म्हणालो, "भांडं पुढं कर." तो हलला नाही. पुन्हा म्हणालो. मागची बाई त्याला ढोसत म्हणाली, "त्या कानानं त्याला ऐकू येत न्हाई, भाऊसाहेब. म्होरं येऊन बोला."

कोंडिबानं वळून पाहिलं. मला ओळखलं. घमेलं खाली ठेवून त्यानं दोन्ही हात जोडले, आणि मग त्याच हातांची ओंजळ पुढं केली.

मी तीत पाणी ओतलं. तो प्याला, तोंड पुसलं, तरी तिथंच उभा राहिला — मी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं.

मी म्हणालो, "चला, पुढचा."