आखूड वायर

टीव्ही दुरुस्तीत तीस वर्षं घालवलेल्या वायरमामाचं एक मत पक्कं होतं: वायर जितकी आखूड, तितकं चित्र चोख. लांब वायरीत चित्र दमतं, असं तो सांगायचा आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. तो सुतळीने अंतर मोजी, गाठ मारी आणि गाठीपुढे बोटभरही जास्त वायर घेत नसे.

त्याची थोरली ताई पाय मोडून खाटेला खिळली, आणि त्याच महिन्यात तिकडे साता समुद्रापलीकडे तिच्या लेकीला मुलगा झाला. ताईची नजर अधू. फोनवर नातू म्हणजे नुसता पांढरा ठिपका. तेव्हा लॅपटॉप टीव्हीला जोडून नातू मोठा करून दाखवायचं मामाने अंगावर घेतलं. टीव्हीपासून लगतच्या टेबलापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली, दुकान गाठलं.

दुकानदाराने वायरी पुढ्यात टाकल्या. "ही पाच मीटर. ही तीन, टोकांना सोन्याचं पाणी दिलेली."

"सोनं कशाला? चित्राला लग्नाला जायचंय?" मामाने गाठ दाखवली. "एक मीटरची द्या."

"थोडी सैल असू द्या हो."

"सैल घ्यायला तो काय पायजमा आहे?"

चार वाजता लेक टीव्हीवर उमटली. मांडीवरच्या बाळाच्या भुवया मोजाव्यात इतकं स्वच्छ चित्र. मामा सत्काराला उभा राहावा तसा उभा राहिला.

"मामा, आई कुठाय? लांब चादरीचा ढीग तेवढा दिसतोय."

"तो ढीगच तुझी आई."

"तिला जवळ आण ना! हा आत्ता झोपेल परत."

मामाने लॅपटॉप उचलून खाटेकडे पाऊल टाकलं. वायर ताणली, टीव्ही डुगडुगला. वायर काढावी, तर नातू पुन्हा वीतभर. मग त्याने लॅपटॉप जागेवर ठेवला आणि ताईसकट खाटच ढकलायला घेतली.

"अरे मेल्या, प्लास्टर! कुठे नेतोस मला?"

"नातवाकडे."

फरशीवर चारी पाय किंचाळत खाट टेबलाला येऊन टेकली.

"दिसली!" लेक ओरडली. "बघ राजा, आजी!"

आता टीव्हीचा पडदा ताईपासून हातभर. नातवाचा अख्खा चेहरा काही तिच्या नजरेत मावेना.

"सगळं दिसतंय ना?" मामाने घाम पुसत विचारलं.

"नाक दिसतंय."

मामाने खिशातली सुतळी काढून गाठ सोडली. "पाच मीटरची घेऊन येतो," तो म्हणाला. असं वाक्य त्याच्या तोंडून तीस वर्षांत निघालं नव्हतं.

"उद्या आण. आत्ता मधून सरक," ताई म्हणाली. "नाक आपल्या बाबांचं आहे."