जाऊबाईंची पिओनी आणि माझा बर्फ

मी आयुष्यात एकाच जिवावर उठले, आणि तोही झाडाचा.

दुसरी मोठी लढाई संपली आणि आमच्या घरचे दोघे फौजी मेढ्याला परतले. माझ्या मालकांनी माझ्यासाठी काय आणलं? सरकारी कांबळं! (तेही वापरलेलं!) थोरल्या भावजींनी मात्र जाऊबाईंसाठी थेट इटलीहून पिओनी नावाच्या फुलझाडाचा गड्डा आणला. तिथल्या एका म्हातारीनं दिलेला, तिच्या आजीच्या बागेतला.

"पांढरंशुभ्र फूल येतंय," भावजी सांगायचे. "वाडग्याएवढं! आत नुसत्या पाकळ्याच पाकळ्या, मधीच कुंकू शिंपडल्यागत लाल ठिपकं. वास तर लय ग्वाड. आन् झाड शंभर वर्सं जगतंय!"

शंभर वर्षं! म्हणजे मी मेल्यावरही जाऊबाईंचंच कौतुक चालणार! त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

दोन वर्षं नुसती पानं आली, तरी जाऊबाईंचा तोरा काय विचारता! "धाकटे, लांबनं चाल गं, विलायती हाय." त्यात सासूबाईंनी जाहीर केलं, "पैलं फूल औंधाच्या यमाईला. जिच्या हातचं झाड, तिनंच वाहायचं." झालं! सगळ्या भावकीदेखत मान जाऊबाईंचा, आणि मी मागं उभी राहून टाळ्या वाजवायच्या? मी ठरवलं, हे झाड फुलायच्या आत मेलंच पाहिजे.

पण मारायचं कसं? उपटलं तर दिसणार. आदल्या हिवाळ्यात थंडीनं आमचा पावटा करपला होता, ते आठवलं आणि डोकं चाललं. बर्फ! काम करतो आणि वितळून जातो, पुरावा काही उरत नाही.

माझ्या दादाचं साताऱ्यात सोडावॉटरचं आणि बर्फाचं दुकान होतं.

"ऐन थंडीत बर्फ? खुळी झालीस व्हय अनशे?"

"सासूबाईंस्नी ताप हाय, दादा," मी ठोकून दिलं. "डोक्यावर ठिवाया पायजे."

मग दर दोन दिवसांनी साताऱ्याहून प्रवासी घेऊन येणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून भुशात गुंडाळलेला बर्फ यायला लागला. जाऊबाई वेण्णा नदीवर धुणं घेऊन गेल्या की मी गड्ड्यावर बर्फ रचायची आणि वर माती ओढायची. बोटं बधिर व्हायची, पण काळीज कसं गारगार व्हायचं!

महिन्याभरानं दादा मोसंब्यांची पिशवी घेऊन, रडवेलं तोंड करून दारात हजर! सासूबाई ओसरीवर ठणठणीत, शेंगा फोडत बसलेल्या.

"मावशी, ताप कसा हाय आता?"

"कुनाला ताप? कोण मेलं माझ्या वायटावर टपलंय?"

मी दादाला ओढतच मोटारीपर्यंत नेलं. "आजच उतरला," म्हटलं. (आणि परत चढला तर म्हणून पुढच्या बर्फाचंही सांगून ठेवलं!)

शिमगा झाला आणि मातीतून लालबुंद कोंब वर आले, बोटाएवढे जाड! मग कळी आली, कळीवर मुंग्या आल्या, आणि एके सकाळी फूल! एवढं जड की मान टाकायला लागलं, म्हणून जाऊबाईंनी काठीचा आधार दिला. बघायला सगळी गल्ली लोटली. खोटं कशाला बोलू, तसं सुंदर फूल मी जन्मात पाहिलं नव्हतं. रडूच आलं मला, रागानं.

भावजी तर डोकंच धरून बसले. "मी आशाच सोडली हुती! तिकडं ह्याच्यावर गुडघाभर बर्फ पडतंय. त्याबिगर ही जात फुलतच न्हाई. इथं फुललं म्हंजी... हिचा हातच तसा!"

सगळे जाऊबाईंचा हात बघायला लागले. हात! बोटं माझी बधिर झाली आणि हात जाऊबाईंचा?

"तिचा कसला हात?" मी ओरडले. "बर्फ मी घातला! दोन महिनं! झाड मरावं म्हनून!"

सगळी गल्ली आता माझे हात बघायला लागली. सासूबाईंनी तेवढं विचारलं, "आन् ताप मला आनलास व्हय गं?"

फूल यमाईला जाऊबाईंनीच वाहिलं. पण तेव्हापासून दर हिवाळ्यात त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारायच्या, "धाकटे, थंडी पडली गं! झाड माराया कवा येतीस?"

आणि मी मुकाट्यानं बर्फ घेऊन जायची. न जाऊन सांगते कुणाला? मी गेले नाही, आणि ते मेलं झाड तरीही फुललं, तर माझ्या बर्फाला कोण विचारणार!