वर्गाची मोकळी जागा

घोडबंदर रोडच्या एका नव्या शाळेत काल आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. भिंतींना ताज्या रंगाचा वास येत होता. प्रशिक्षक म्हणाले, "रांगा मोडा, मुलांना गोल बसवा." बाकीचे बाकं हलवायला उठले. मी आधी छताकडे पाहिलं.

दिवा गावातल्या शाळेत माझ्या पहिल्या दिवशी असाच वास होता. मी उत्साहाने बाकं कडेला सरकवली आणि तिसरीच्या मुलांना मधोमध गोल करून बसायला सांगितलं. एकही पोर हललं नाही. सगळी भिंतीला चिकटून उभी राहिली. यांना शिस्तच नाही, असं मला वाटलं. आता वाटतं, इतकी कडक शिस्त मी पुन्हा कुठल्या वर्गात पाहिली नाही.

फरशीवर मध्येच खडूची भुकटी सांडलेली होती. ती रुमालाने झटकून मी स्वतःच तिथे मांडी घातली.

"बाई, तिथे नका ना बसू," पुढची एक मुलगी हळूच म्हणाली.

"का गं?"

तिने मान वर केली. सगळा वर्ग वर बघत होता. छत नुकतंच रंगवलेलं, पांढरंशुभ्र होतं. झटकलेल्या फरशीवर पुन्हा थोडी भुकटी पडली. टेबलावरची खडूची पेटी मी अजून उघडलीसुद्धा नव्हती.