आधी संसार, मग लग्न

पडद्यावर हिरो-हिरॉइनचं लग्न लागलं आणि हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. लग्नाला शिट्ट्या पडतातच, पण या खुशीच्या नव्हत्या. मी प्रोजेक्शन बूथच्या काचेतून खाली बघितलं. निम्मा हॉल उभा राहून वर माझ्याकडे बघत होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शारजात रोल्ला चौकाजवळच्या एका थिएटरात मी ऑपरेटर होतो, म्हणजे मशीनवर सिनेमा दाखवणारा. इचलकरंजीच्या टॉकीजमध्ये हात बसलेला, इथे येऊन सात वर्षं झालेली. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे दुपारी तीनच्या शोला पाय ठेवायला जागा नसायची. सिनेमा तमिळ, लव्हस्टोरी आणि कॉमेडी एकत्र. सतत भांडणाऱ्या दोघांचं घरचे जबरदस्तीने लग्न लावून देतात आणि मग भांडता भांडता प्रेम जमतं. ही स्टोरी मला नंतर कळली. आधी कळली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

माझ्या जोडीला सेल्वम होता. मदुराईचा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. कामाला चोख होता, पण हे तेव्हा मी मेलो तरी मान्य केलं नसतं. त्याचं सगळंच मला खुपायचं. तिकिटाच्या खिडकीवर लोक त्याला नावाने हाक मारायचे, बायका त्याच्यासाठी डब्यातून चिंचेचा भात आणायच्या. सात वर्षांत मला कोणी साधा चहा विचारला नव्हता. मॅनेजर मॅथ्यूसाहेब केरळचे, त्यांना तमिळ यायचं. ते दोघं बोलत उभे राहिले की मला वाटायचं, माझ्याबद्दलच चाललंय. जळायचो मी. सरळ सांगतो, जळायचो.

त्यात कंपनीचं दुबईतलं नवीन थिएटर तयार होत होतं. तिथला हेड ऑपरेटर आम्हा दोघांतूनच घेणार होते. ती पोस्ट मिळाली तर माझा पगार फॅमिली व्हिसाच्या नियमात बसत होता. बायको आणि मुलगी इचलकरंजीला. मुलगी फोनवर दोन वाक्यं बोलायची आणि रिसीव्हर आईकडे द्यायची.

गुरुवारी या सिनेमाची प्रिंट आली, दुसरीकडे कुठेतरी चालून आलेली. सिनेमा म्हणजे दहा-दहा मिनिटांची सोळा रिळं. दोन-दोन जोडून मोठं रीळ करायचं, एका मशीनवरचं संपत आलं की दुसरं मशीन चालू करायचं. प्रत्येक रिळाच्या तोंडाशी नंबर असतो. नववं आणि दहावं, दोन्हींची तोंडं तुटलेली. डब्यांवरच्या चिठ्ठ्याही गेलेल्या. आता यातलं आधी कुठलं?

सेल्वम दहा पावलांवर मशीनला तेल घालत होता. तमिळ प्रिंट नेहमी तोच जोडायचा. पण म्हटलं, याला कशाला विचारा? उद्या हाच साहेबांना सांगणार, की मी होतो म्हणून निभावलं. मी त्याला पोस्टर लावायला खाली पाठवलं आणि फिल्म बल्बसमोर धरली.

एका रिळात देवळातलं लग्न. दुसऱ्यात दोघं एकाच घरात, हिरो उशी घेऊन सोफ्यावर, ती त्याच्यावर पातेलं उगारतेय. भिंग लावून मी तिचा गळा बघितला. काळे मणी नाहीत, नुसता एक पिवळा दोरा. कसलातरी गंडा असेल म्हटलं. मंगळसूत्र नाही म्हणजे लग्न व्हायचंय. भाडेकरू असेल त्याच्याकडे. घराचं रीळ आधी, लग्नाचं नंतर. जोड मारला आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला गेलो.

तो पिवळा दोरा म्हणजेच तमिळ लोकांचं मंगळसूत्र. हॉलमध्ये हे माहीत नसलेला माणूस मी एकटाच होतो.

शुक्रवारी इंटरव्हलनंतर घराचं रीळ लागलं तेव्हा लोक फ्लॅशबॅक वगैरे समजून गप्प बसले. पण दहा मिनिटं संसार बघून झाल्यावर त्याच दोघांचं लग्न लागलं, आणि मग सुरुवातीला सांगितलं ते सगळं झालं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

सेल्वम त्या शोला गेटवर होता. आरडाओरडा ऐकून तो जिना चढून धापा टाकत वर आला. काचेतून पडद्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, मशीन बंद करो. लाइट जलाओ."

मग खाली जाऊन तो पडद्यासमोर उभा राहिला. तमिळमध्ये चार वाक्यं बोलला आणि शिव्या घालणारा हॉल हसायला लागला. वर टाळ्या. चूक माझी आणि टाळ्या याला! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. त्याने परत येऊन जोड कापला, मी रिवाइंड केलं, त्याने रिळांचा क्रम बदलून नवा जोड मारला. आठ-दहा मिनिटांत लग्न पुन्हा लागलं, या वेळी मुहूर्तावर.

तेवढ्यात मॅथ्यूसाहेब बूथमध्ये आले. तमिळ प्रिंट म्हणजे सेल्वमनेच जोडली असणार, असं धरून ते त्याच्यावरच घसरले, तेही मलाही कळेल अशा हिंदीत.

"पिक्चर तमिल, तुम भी तमिल. फिर भी ये गलती?"

सेल्वम माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे, मी बोलेन म्हणून थांबला होता. मी फडकं घेऊन मशीनची काच पुसायला लागलो. स्वच्छच होती ती.

पोस्ट मला मिळाली. चार महिन्यांत बायको-मुलगी आल्या. मुलगी दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत जायला लागली आणि वर्षभरात इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायला लागली.

शारजा सोडताना बूथच्या किल्ल्या सेल्वमच्या हातात दिल्या आणि धीर करून म्हटलं, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.

"साहब के सामने बोलना था, अण्णा," तो म्हणाला. "मेरे को तो मालूम ही है."

साहेब तेव्हा खाली ऑफिसातच होते. त्यांच्याशी हात मिळवला, तब्येतीला जपा म्हटलं आणि दुबईची टॅक्सी पकडली.

नव्या थिएटरात पहिल्याच आठवड्यात मी नियम केला. प्रिंट ज्या भाषेतली, ती भाषा येणारा माणूस रिळं जोडताना शेजारी हजर पाहिजे. टाइप करून, सही करून कागद भिंतीला लावला. मालक एकदा बूथ बघायला आले होते. त्यांनी तो वाचला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"व्हेरी गुड, हबीबी. एक्सपीरियन्स."

मी थँक्यू म्हणालो.